उमरेडचा पुकारा

नागपूरहून परत आलेल्या माणसाला मिरजेत दोनच प्रश्न विचारतात. संत्री आणलीत का, आणि ऊन कसं होतं? मी गेले होते थंडीत, आणि संत्र्यांची करंडी मनमाडला हमालाच्या हातून रुळांवर पडली. तेव्हा या दोन्ही बाबतींत सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते ऐकायला कुणी बसत नाही, म्हणून लिहून काढते आहे. राग आहे तोवर लिहिलेलं बरं. तो निवला की मी शहाण्यासारखं लिहीन, आणि तसं मला लिहायचं नाही.

मी गेले होते एका विद्यापीठाच्या इतिहासासाठी. तिथल्या विद्यापीठाला आपला इतिहास ग्रंथरूपाने छापायचा होता आणि त्यात भोवतालच्या जिल्ह्यावर एक प्रकरण हवं होतं. ते लिहायला मिरजेच्या कॉलेजातली इतिहासाची मास्तरीण कशाला, असं मीही विचारलं होतं. ग्रंथाचे संपादक डॉ. गंधे यांनी मोकळेपणाने कळवलं, की नागपुरात या विषयाचे जाणकार भरपूर आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत.

नागपूर

गंधे स्वतः स्टेशनवर आले होते. बंद गळ्याचा कोट, गोल चेहरा, सतत हसरा माणूस. माझी ट्रंक सायकलरिक्षात चढवता चढवता म्हणाले, "तुम्ही पुण्याकडचे लोक आमच्याकडे परदेशात आल्यासारखे येता."

"मिरज पुण्याकडे नाही, कर्नाटकाकडे आहे," मी म्हटलं.

"आम्हाला इथून सगळं पुणंच दिसतं हो!"

म्हणजे पहिला टोमणा स्टेशनच्या आवारातच पदरात पडला. पुढे बरेच पडले, आणि त्यातले निम्मे रास्त होते. राजधानी गेली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती, तरी तो शब्द निघाला की बोलणाऱ्याचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा खाली येई. रस्ते राजधानीचे, झाडं राजधानीची, दगडी इमारतींच्या कमानी राजधानीच्या, आणि आत मुंबईहून हुकूम येण्याची वाट पाहणारे कारकून. आपण पश्चिमेकडचे लोक हे सगळं विसरून बसलो आहोत, आणि आपण विसरलोय हे तिथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीचे पोहे खाऊन गंध्यांच्या खोलीत बसले. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात. इथे त्यावर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात आणि तो पाहुण्याला कितपत सोसतोय हे कौतुकाने बघत बसतात. गंध्यांनीही बघितलं. मग त्यांनी आतापर्यंत लिहून झालेला इतिहास माझ्यापुढे ठेवला. मध्य प्रांताचे दिवस, गोरे लाटसाहेब, मग आपले कुलगुरू. कोणती कोनशिला कुणाच्या हस्ते बसली, कोणत्या सभागृहाला कुणाचं नाव दिलं, कुणाचं तैलचित्र कुठे लागलं. शिक्षण हिंदीतून की मराठीतून हा वाद तिथे किती वर्षं धुमसत होता, ते मात्र एका परिच्छेदात गुंडाळलेलं. वाचता वाचता वाटायला लागलं, की हे विद्यापीठ म्हणजे शिकण्याची जागा नसून दगड बसवण्याची आहे.

"यात विद्यार्थी कुठे आहेत?" मी विचारलं.

"आहेत ना. परिशिष्टात. वर्षवार आकडे दिलेत."

"आणि जिल्हा?"

"जिल्हा म्हणजे पार्श्वभूमी. कापूस, संत्री, मँगनीज, कोळसा. थोडक्यात आटपा. हो, आणि उमरेडच्या विणकरांचं एक वाक्य जरूर टाका. पदवीदानाच्या पाहुण्यांच्या खांद्यावर आपण जे उपरणं घालतो ना, ते तिथलं. खानदानी काम आहे. या शनिवारी समारंभ आहेच, दिसेल तुम्हाला."

एक वाक्य टाकायचं तर निदान ते लोक बघून टाकावं, म्हणून मी त्याच दुपारी उमरेडला निघाले.

छोटी लाईन

नागपुरातल्याच इतवारी स्टेशनहून उमरेडकडे छोट्या रुळांची गाडी जाते. खेळण्यातल्यासारखे डबे, आणि चाल अशी, की खिडकीतून बाहेरच्या गुराख्याशी निवांत गप्पा व्हाव्यात. वेळापत्रक स्टेशनवर लावलेलं होतं. ते वाचत असताना शेजारचा माणूस सहानुभूतीने हसला. गाडी वेळेवर आल्याचं त्याच्या वडिलांनीही पाहिलेलं नव्हतं म्हणे.

वाटेत ती कारण नसताना थांबली. माणसं उतरली, रुळांकडेच्या बोरी झोडपू लागली. कुणी विडी पेटवली. मीही पाय मोकळे करायला उतरले, आणि तेवढ्यात शिट्टी न देता गाडी हलली. एका मुलीने पायरीवरून वाकून माझं मनगट धरलं आणि मला पोत्यासारखं आत ओढलं. एक चप्पल खालीच राहिली.

"ही गाडी सांगून नाही निघत बाई," ती म्हणाली. "इथं उतरत असते तो इथलाच माणूस."

ती शकुंतला धकाते. उंच, काळीसावळी, बोटांच्या पेरांवर घट्टे. नागपुरात मावशीकडे राहून बी.ए. झालेली, इतिहास घेऊनच. मांडीवर खाकी कागदात बांधलेला पदवीदानाचा भाड्याचा काळा झगा होता, आणि त्यावर प्रवेशिका. मी कशासाठी आले ते ऐकल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. एका पायात चप्पल असलेली इतिहासकार तिला फारशी पटली नसावी.

"आमच्याच पुऱ्यात या मंग," ती म्हणाली. "बाबाच विणतात ते उपरणं."

बाहेर तुरीची शेतं संपली, धानाची कापलेली खाचरं आली आणि उमरेड जवळ आल्यावर कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीचे काळे डोंगर. तेही जिल्ह्याच्या पार्श्वभूमीत घ्यायचे होते.

कोष्टीपुरा

कोष्टीपुऱ्यात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, शिरताना आधी आवाज येतो. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखटाट, आणि त्या आवाजावर मात करायला माणसं वरच्या पट्टीत बोलतात. शकुंतलेचे वडील लहानुजी खड्ड्यातल्या मागावर बसले होते. म्हणजे मला दारातून तसं वाटलं. आत गेले तेव्हा ते शेजारी सुताच्या कांड्या भरत होते आणि मागावरची बैठक रिकामी होती. शकुंतलेने हातपाय धुतले, पदर खोचला आणि ती मागावर जाऊन बसली.

"माह्ये डोळे गेले दोन वर्षांपासून," लहानुजी हळूच म्हणाले. "करवतीचा काठ नाही दिसत मले. पोरगीच विणते, शिकत होती तेव्हा सुट्टीत येऊन. पण बाहेर बोलू नका बाई. बाईमाणूस मागावर बसत नाही आमच्यात."

पुऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. करवतीचा काठ म्हणजे लुगड्याच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी. एकेक दात आडवं सूत नेणाऱ्या तीन धोट्यांनी चढवायचा. एक चुकला की पुढचे सगळे वाकडे. मी बघत उभी राहिले. तिचे हात आणि पाय वेगवेगळ्या माणसांचे असावेत तसे चालले होते.

रात्री जेवायला सावजी पद्धतीचं मटण होतं. कोल्हापूरच्या बाजूच्या माणसाला तिखटाचा एक फुकट अभिमान असतो. तोही तिथे गळाला. भिवापुरी मिरची आणि काळा मसाला. दुसऱ्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. शकुंतलेची आई पारबताबाई पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाली, "भात घ्या वं बाई, भात घ्या. रडू नका."

जेवण उरकल्यावर ओट्यावर गोमाजी पराते येऊन बसले. हे पुऱ्यातले वडीलधारे, यांचा शब्द शेवटचा. त्यांनी माझी चौकशी केली, विडी शिलगावली आणि जी गोष्ट सांगितली तिथून माझा सुखाचा प्रवास संपला.

"लहानुजी म्हणते, पोरीले आनखी शिकवाचं. एम. ए. का काय ते. आम्ही म्हटलं, ठीक आहे बाप्पा, पाहून घेऊ. शनिवारी सारे जण चालून राहिलो नागपूरले. तिथं साऱ्यासमोर पोरीचं नाव पुकारलं, पसंत झाली, तं शिक म्हणा. कोणी आडवं नाही येणार. नाही पुकारलं तं पवनीचं स्थळ आहे. घरचा माग आहे पोराचा."

"पुकारतीनच," लहानुजी म्हणाले. "सेकंड क्लास आहे. पण रंग पक्का आहे तिचा."

मी घाईघाईने म्हटलं, "गोमाजी, तिथे सगळ्यांची नावं घेत नाहीत हो. पदकं मिळवणाऱ्यांची घेतात. बाकीच्यांना एकदमच पदवी देतात."

गोमाजी समजुतीने हसले. "तुमच्या पुण्याकडं नसतीन घेत. आमचं विद्यापीठ जुनं आहे. अन् नाव नाही घेतलं तं मालूम कसं पडंन, कोण पसंत अन् कोण वापस?"

त्यांचं म्हणणं काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, लुगड्यांच्या बाजारात समजलं. शेटजीची पेढी उंच ओट्यावर. विणकर आपापलं लुगडं घेऊन खाली बसलेले. शेटजी एकेक लुगडं उलगडतो, काठ उजेडाकडे धरतो, तळहात फिरवतो, आणि पसंत पडलं की खणखणीत आवाजात विणणाऱ्याचं नाव घेतो. "गोविंदा निनावे, पसंत!" मग तो विणकर उभा राहतो आणि रामराम करतो, आणि सगळा बाजार त्याच्याकडे बघतो. ज्याचं पसंत नाही त्याला शेटजी वाईटसाईट काही बोलत नाही. फक्त नाव घेत नाही. लुगडं मुकाट्याने मागच्या ढिगावर जातं, आणि शेवटी तो ढीगच्या ढीग एखादा फेरीवाला उचलतो. त्याला ठोक म्हणतात. ठोकातल्या लुगड्याला कुणाचं नाव नसतं, आणि ते आपलं आहे असं कुणी म्हणतही नाही.

बायका आत येत नाहीत. त्या बाहेर निंबाखाली उभ्या राहून ऐकतात. शकुंतला तिथेच होती. तिला मी बाजूला घेतलं.

"त्यांना समजावून सांग. नाव घेणार नाहीत. तुझ्या प्रवेशिकेवर छापलंय, स्नातकांनी आपापल्या जागी उभं राहावं म्हणून."

"मले माहीत आहे बाई. वाचलं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तं कोणी आलंच नसतं. पवनीच ठरली असती. आता शनिवारपर्यंत तं आहे ना. तुमी त्यायचा इतिहास लिहून राहिल्या ना? त्यायले म्हणा, एक नाव घ्या. एकच. कोणाले काय फरक पडते?"

मी म्हटलं, म्हणून बघते. मला खरंच वाटलं होतं की जमेल.

पुन्हा नागपूर

गंध्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे मधे "च्च, च्च" केलं. नागपूरकरांचं एक आहे, ते तुमचं म्हणणं पुरतं ऐकतात. आमच्याकडे दुसऱ्या वाक्याला तोडतात.

"पण बाई, एकीचं घेतलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं?"

"मग सगळ्यांचं घ्या."

"सगळ्यांचं?" ते खो खो हसले. "पाहुण्यांना चारला निघायचंय. विमान आहे त्यांचं."

"पाहुण्यांचं भाषण कमी करा."

आता ते हसले नाहीत. "तुम्ही आमच्या ग्रंथाच्या कामाला आला आहात," ते म्हणाले, अगदी गोड आवाजात. "ते विणकर भोळे आहेत. दोन दिवसांनी विसरतील. आणि पदवी तर मिळतेच आहे ना मुलीला? नावात काय ठेवलंय?"

ज्या माणसाच्या ग्रंथात पानापानावर तैलचित्रांखालची नावं होती, तो हे म्हणत होता. मी त्यांना ते ऐकवलं. त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

खोलीवर येऊन मी स्वतःची पदवी आठवायचा प्रयत्न केला. मी समारंभाला गेलेच नव्हते. पदवी टपालाने आली, आईने ती हळदकुंकू लावून ट्रंकेत ठेवली, आणि अजून ती तिथेच असावी. माझं नाव कुणी पुकारलं नाही याचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. वाटण्याचं कारण नव्हतं. माझ्या घरात शिकू की नको हा प्रश्न कुणी टांगून ठेवलेला नव्हता.

पदवीदान

शनिवारी पुऱ्यातली माणसं सकाळच्या गाडीने आली. लहानुजींनी धुवट धोतर आणि कोट घातला होता. गोमाजींच्या डोक्याला लाल फेटा. पारबताबाईंनी डब्यात तिळाची वडी आणली होती, नाव पुकारल्यावर वाटायला. मंडपात त्यांना मागे जागा मिळाली. मी त्यांच्याबरोबर बसले. मला पुढची प्रवेशिका होती, ती मी पिशवीत ठेवली.

शकुंतला पुढे झगेवाल्यांच्या रांगेत होती. झगा तिला मोठा झाला होता. बाह्या मनगटाखाली लोंबत होत्या आणि ती त्या वर सारत होती.

पाहुण्यांची ओळख करून देण्यात आली. ती बरीच लांबली. कुठे शिकले, कोणत्या समित्यांवर होते, कोणत्या देशांना भेटी दिल्या. त्यांचं नाव प्रत्येक वाक्यात येत होतं. मग त्यांच्या खांद्यावर उपरणं घातलं गेलं आणि लहानुजी चटकन पुढे वाकले. डोळे गेलेले, तरी काठ त्यांनी लांबून ओळखला.

"आमच्या शकुनचं आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "दिवाळीत विणलं."

मग पदकं. त्यांची नावं घेतली. एकेका नावाला टाळ्या पडत होत्या आणि गोमाजी मान डोलावत होते. "पाहा, पुकारून राहिले," ते मला म्हणाले. "तुम्ही म्हणत होत्या नाही म्हणून." पारबताबाईंनी डब्याचं झाकण सैल केलं.

मग कलाशाखेचे अधिष्ठाता उठले. "कलाशाखेच्या या सर्व स्नातकांना पदवी प्रदान करण्यात यावी, अशी मी विनंती करतो." झगेवाल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. व्यासपीठावरून एक वाक्य आलं. रांगा बसल्या. मग विज्ञान, वाणिज्य, विधी. उभे राहिले, बसले. मग भाषण, आणि राष्ट्रगीत.

लोक उठून निघाले तरी आमची माणसं बसून होती.

"आता पुकारतीन?" पारबताबाईंनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं?"

मला त्या क्षणी गंध्यांचा गळा धरावासा वाटला. नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, खरंच वाटलं. मी समजावून सांगितलं. ती पास झाली आहे, तिला पदवी मिळाली आहे, सगळ्यांना एकदमच दिली, अशीच देतात. गोमाजी लक्ष देऊन ऐकत होते.

"साऱ्यायले एकदम? बिना नावानं?"

"हो."

"म्हंजे ठोक," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला जे दिसलं ते त्याने सांगितलं. विद्यापीठाच्या इतिहासाबद्दल त्या आठ दिवसांत मी जेवढं ऐकलं, त्यात हाच एक शब्द मला खरा वाटला.

पदवीचे कागद मंडपामागच्या खिडकीवर मिळत होते. तिथे मात्र पुकारा चालू होता, पण नंबरांचा. शकुंतला कागद घेऊन आली. मी तो लहानुजींपुढे धरला, तिचं नाव होतं तिथे बोट ठेवलं. "हे बघा, नाव आहे. तिचंच आहे."

लहानुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला, तळहात फिरवला. "आहे खरं," ते म्हणाले. "पण त्यायनं वाचलं कुठं?"

मग गोमाजी शकुंतलेजवळ गेले. मला भीती वाटली की काहीतरी बोलतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे वं पोरी. माल वापस येत असते कधी कधी. माहा बी आला आहे. लाज नाही धराची." आणि खिशातून रुमाल काढून तिच्याकडे दिला. ती रडत नव्हती. तिने झगा काढला, काठाला काठ जुळवून लुगड्यासारखी त्याची घडी घातली आणि परत करायला निघाली. पारबताबाईंनी वडीचा डबा पुन्हा घट्ट लावला.

फाटकाशी गंधे भेटले. घामेजलेले, खूश. "पाहुण्यांना उपरणं फार आवडलं," ते म्हणाले. "तेवढं वाक्य विसरू नका." मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानंतर विद्यापीठाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहणं शक्य नव्हतं. मी ट्रंक घेऊन पुऱ्यातल्या माणसांबरोबरच उमरेडच्या गाडीत बसले.

मंगळवार

प्रकरण मी लिहिलं, हे आधीच सांगून टाकते. मिरजेहून पाठवलंही. लुगड्यांच्या पुकाऱ्याची आणि त्या शनिवारची पानं "विषयांतर" असा शेरा मारून परत आली. उपरण्याचं वाक्य त्यांनी ठेवलं.

उमरेडला मी मंगळवारपर्यंत राहिले. पवनीला निरोप रविवारीच गेला. मी गोमाजींशी वाद घातला, लहानुजींशी घातला, पारबताबाईंशीही घातला. गोमाजींनी मला कधी तोडलं नाही. प्रत्येक वेळी चहा दिला. "शब्द सगळ्यायसमोर झाला होता बाई," एवढंच ते म्हणत. लहानुजी कांड्या भरत राहिले. मी जवळ जाऊन बसल्यावर ते एकदा म्हणाले, "मी एकटा असतो तं पाठवलं असतं." ते एकटे नव्हते. पुऱ्यात कुणीच एकटं नसतं, आणि याचं आम्ही पुस्तकांत किती कौतुक लिहितो.

शकुंतला पहाटेपासून मागावर असे. मी आले त्या दिवशी मागावर होतं तेच लुगडं तिने पुरं केलं.

मंगळवारी ते लुगडं घेऊन लहानुजी पेढीवर गेले. माझी ट्रंक सकाळीच स्टेशनवर पोचती झाली होती; हातातली पिशवी घेऊन मीही आत जाऊन बसले. शेटजीने ते उलगडलं, काठ उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. करवतीचा एक दात वाकडा नव्हता.

"वा, लहानुजी. या वयात असा हात! जुनं हाड आहे गा," तो म्हणाला. मग मान वर करून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं: "लहानुजी धकाते, पसंत!"

लहानुजी उभे राहिले. रामराम केला. बाजार त्यांच्याकडे बघत होता आणि ते आपल्या पायांकडे बघत होते.

बाहेर निंबाखाली बायका म्हणत होत्या, लहानुजीचं पसंत झालं. शकुंतला त्यांच्यातून निघून माझ्याकडे आली, माझी पिशवी घेतली आणि आम्ही स्टेशनाकडे निघालो. फलाटावर पिशवी खाली ठेवून तिने विचारलं, "बाई, तुमी शिकवता. खरं सांगा. मी पास झाली का नाही?"

"झालीस," मी म्हटलं.

"अन् लुगडं?"

"तेही झालं."

"मंग माहं नाव कुठं आलं?"

मी तोंड उघडलं. इतिहासाच्या तासाला मुली अवघड काही विचारतात तेव्हा मी फळ्याकडे वळते, थोडा वेळ काढते आणि काहीतरी सुचतं. इथेही थोडा वेळ मिळाला असता तर काही सुचलं असतं. पण त्या दिवशी, कुणाच्या बापानेही पाहिलं नव्हतं तशी, ती गाडी वेळेवर आली.